बापाचं लगीन

रेतीनं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं की शुक्रीला आधी मानेत कळ यायची आणि मग पोटात. मानेतली कळ ओझ्याची होती. पोटातली जागेची. ज्या वाटेनं ती रेती वाहत होती ती वाट नव्हतीच मुळी, तो तिच्या सासऱ्यानं घातलेला बांध होता. बांधाच्या उजव्या अंगाला तिचं भाताचं खाचर. लग्न होऊन आली तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या खाचरात ती वाकली होती. आता तिथं चाळीचे पाये खणले होते आणि पायांतून गंजक्या सळया वर आल्या होत्या. सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यांत धुळ्या-जळगावाकडची माणसं लोटत होती, त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, म्हणून वापीचा शेठ चाळ बांधत होता. आणि शुक्री आपल्याच शेतावर रोजानं रेती वाहत होती.

त्या दिवशी बांधावर जरा थांबली. कडेच्या करवंदीच्या जाळीखाली सासऱ्यानं पुरलेला देवाचा दगड होता, तो दिसतो का बघत होती.

"ए शुक्री! पाय उचल, पाय! बापाच्या शेतात फिरतंस काय?"

हा वाळू. फटफटीवर एक ढुंगण टेकून, काळा चष्मा लावून बसलेला. शेठाचा मुकादम. अख्ख्या पाड्यादेखत ओरडला. बाया खाली बघायला लागल्या. रेती चाळणारा सुकदेव गवंडीसुद्धा चाळणी हलवायची थांबला.

आता हा वाळू कोण म्हणाल, तर शुक्रीच्या नवऱ्याचा, बारकूचा सख्खा मावसभाऊ. आई मेली तेव्हा शेंबडा पोरगा होता. शुक्रीच्याच चुलीपाशी बसून नागलीची भाकर खाऊन वाढला. तिला वयनी म्हणायचा. मुकादम झाल्यावर नावानं हाक मारायला लागला.

शुक्रीनं पाय उचलला. पण ते वाक्य तिनं गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

शेत गेलं कसं, ते पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वाळू ताडीचं मडकं घेऊन बारकूकडं आला. म्हणाला, "दादा, शेठाला नुसतं लोखंड ठेवायला जागा पायजे. दोन-तीन वर्सं. मग शेड काढून नेईल, तू पुना नांगर घाल. भाऊ म्हणून सांगतंय." बारकूनं ताडी पिता पिता अंगठा दिला. हातावर टेकवलं ते त्याच ताडीत आणि खोकल्याच्या औषधात गेलं. लोखंड काही आलं नाही. आले ते खणणारे. बारकू विचारायला गेला तर वाळू म्हणाला, "विकलंस ना दादा माला. इसरलास?"

तेव्हापासून बारकू अंगठा मुठीत दडवून बसायचा. जेवतानासुद्धा चार बोटांनी भात उचलायचा. शुक्रीला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही. संध्याकाळी घरी आली की ती त्याच्या पुढ्यात भात आदळायची आणि म्हणायची, "खा. आता इकतचा हाय."

एका दुपारी सुकदेव गवंडी तिच्याजवळ भाकरी सोडून बसला. सुकदेव शिरपूरकडचा. त्याचं बोलणं शुक्रीला अर्धं कळायचं, पण माणूस बरा. बांधकामाच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड ठोकलेला होता, त्याच्याकडं मान करून तो हसला.

"बाई, त्या बोर्डवर काय लिखेल शे, माहीत शे का तुले?"

"माला काय वाचता येतं?"

"जागेना मालक, वाळू. शेठनं नाव कुठेच नही. मी शेठले इचारं, तं म्हने, कायदा असा शे, आदिवासीनी जमीन माले लेता येत नही. म्हनीसन वाळूना नावे लिधी." सुकदेवनं कांदा फोडला. "पैसा शेठना, नाव वाळूनं. असं शे ते."

शुक्रीनं भाकरीचा घास हातातच ठेवला. वापीचा एवढा मोठा शेठ, जीपमध्ये फिरणारा, आणि जमिनीवर त्याचं नावच नाही? म्हणजे सरकारात ही जमीन अजून पाड्यातच होती. वाळूच्या खिशात. वाळूनं मनात आणलं तर ती काढूनही देता आली असती.

"आन् वाळूनं ती दुसऱ्याला दिली तं?"

सुकदेव मोठ्यानं हसला. "मंग शेठ काय करई? कोरटमा जाईसन सांगई का, मी कायदा तोडा म्हनीसन?"

शुक्री नाही हसली. तो घास तिनं तोंडात टाकला आणि सावकाश चावत बसली. वाळूनं मनात आणायला हवं होतं, आणि वाळूचं मन तर शेठाच्या फटफटीवर बसलेलं होतं.

शिमगा झाला आणि वाळूच्या मुलीचं, कुसुमचं, लगीन जमलं. खानवेलच्या जयवंतचा मुलगा, बसवर कंडक्टर. घर चांगलं, पण जुन्या वळणाचं. जयवंत सुपारी फोडायला आला तेव्हा वाळूनं ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. जयवंत खुर्चीवर बसला नाही. खाली घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "मुलगी पसंत. तुझं लगीन कधी झालं?"

वाळूनं चहाचा कप खाली ठेवला.

झालं असं होतं. वारली माणसाला लगीन परवडलं नाही तर तो नवरी घरात आणतो, संसार करतो, पोरं होतात, आणि हातात काही आलं की मग मांडव घालतो. त्यात लाज कसली? अर्धा पाडा तसाच. वाळूनं मंगळीला तशीच आणलेली. या साली करू, पुढल्या साली करू म्हणत कुसुम लग्नाची झाली. पैसा आला तेव्हा शेठाकडून फटफटी आली, टीव्ही आला, पत्र्याचं घर आलं, आणि बाशिंग राहून गेलं. पाड्यातला सगळ्यांत हुशार माणूस, आणि नेमकं हेच विसरला.

"ज्याच्या डोक्याला बाशिंग नाय लागलं, त्यानं पोरीला बाशिंग कसं बांधायचं?" जयवंत म्हणाला. "पयलं आईबापाचं लगीन. मग पोरीचं. एकाच मांडवात करा, आमची हरकत नाय. पण चौक लिहून, धवलेरी बसवून, रीतीनं. आमच्या घरात बिनलग्नाच्या बापाची पोर नाय आली अजून."

"करू की," वाळू म्हणाला. "त्यात काय?"

आणि मग त्याला आठवलं की पाड्याची धवलेरी शुक्री आहे.

धवलेरी म्हणजे लगीन लावणारी बाई. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, त्या चौकापुढं नवरानवरीला बसवून धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यानं लगीन लागतं. पहिल्यांदा देवाला बोलावणं, मग हळदीचं, मग गाठीचं. गाठीचं गाणं संपलं की नवराबायको. शुक्रीनं आपल्या सासूकडून ती गाणी घेतली होती. आजूबाजूच्या पाड्यांत तिच्याएवढी गाणी कुणाला येत नव्हती.

वाळू दुसऱ्याच दिवशी सकाळी शुक्रीच्या दारात आला. फटफटी लांब उभी केली, चष्मा खिशात घातला. हातात नवं लुगडं आणि ताडीचं मडकं.

"वयनी," म्हणाला.

शुक्री दारात शेण कालवत होती. कोपरापर्यंत हात शेणात. "कोण वयनी? कालवर तं शुक्री होती."

"कामावर तसं बोलावं लागतं, वयनी. शेठ बघतो."

"मंग शेठाला सांग गाणं गायला."

आत बारकू खोकला. वाळूनं लुगडं ओट्यावर ठेवलं. ते वाऱ्यानं उलगडलं आणि त्याचा पदर शेणात गेला. शुक्रीनं तो उचलला नाही. "बघू," म्हणाली, आणि जमीन सारवायला लागली. सारवत सारवत त्याच्या पायापर्यंत आली. वाळूला मागं सरावं लागलं, आणखी मागं, अंगणाच्या बाहेर. शुक्रीला त्या सकाळी किती गोड वाटलं म्हणून सांगू!

पण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. वाळू दुसरी धवलेरी आणील, हे तिला कळत होतं. म्हणून ती निघाली. सिल्वासाच्या नाक्यावरून खानवेलची बस धरली. खानवेलच्या धवलेरीच्या अंगणात बसून मोहाची फुलं निवडू लागली, आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. तिथून खेरडी. खेरडीची धवलेरी म्हातारी, डोळ्यांनी अधू. ती शुक्रीचा हात चाचपत म्हणाली, "आमच्या माळावर बी कोण मापं घेऊन फिरतंय. कोणाचं नाव लावतील सांगता नाय येत." मग म्हणाली, "जा तू. तुझ्या मांडवात आमच्यातली कोण नाय येणार."

पायी, बसनं, एका ट्रकच्या मागं बसून शुक्री त्या मुलखात फिरली. रोज बुडाला. टाचा फुटल्या. जिथं जिथं ती गेली तिथं तिथं बायांना सांगायला एखादं शेत होतं, एखादा अंगठा होता, एखादा भाऊ म्हणवणारा होता. पाड्यातल्या सवाशिणींनीही सांगून टाकलं, शुक्री नाही तर आमच्या हातचा चौक नाही.

वाळू फटफटीवरून गावोगाव फिरला. प्रत्येक धवलेरीला काही ना काही झालं होतं. कुणाचा घसा बसला, कुणाच्या घरात सुतक. खेरडीची म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "शुक्रीच्या पायाच्या वाटेनं आलास तू. तिच्याच दारात जाऊन उभा रा." मग वाळूनं सिल्वासाहून एक भटजी ठरवला, सोबत बँडही सांगितला. जयवंतचा निरोप आला, भटजी आणायचा तर मुलगी भटजीलाच द्या.

शेवटी मंगळी आली. मंगळी आणि शुक्री एकाच पाड्यातल्या माहेरवाशिणी. नदीवर एकत्र खेकडे धरलेल्या. मंगळी उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"शेत त्यानं घेतलं, बाय. मी काय केलं? बाशिंगासाठी मी किती वर्सं थांबली! दुसऱ्यांच्या लग्नात नाचली. कोणी चौकाला हात लावू देत नाय, सवाशीण नाय म्हणून. आता पोर बी तशीच राहील."

शुक्रीच्या आत काहीतरी हललं, पण तिनं ते वर येऊ दिलं नाही. "तू त्याच्या पत्र्याच्या घरात निजतंस ना? तो पत्रा माझ्या शेतातून निघाला. तेव्हा नाय आलीस रडायला."

मंगळी नाक पुसत उठली. दारापर्यंत गेली तेव्हा शुक्री मागून म्हणाली, "सांग त्याला, मी येतंय. लुगडं नको, काय नको. मांडव घाला."

बारकू आतून बाहेर आला. "जाणार तू?"

"जाणार."

"त्याच्यासाठी गाणार?"

"तू अंगठा दिलास तेव्हा माला इचारलंस? मंग आता बी नको इचारू."

मांडव मोठा घातला वाळूनं. आंब्याचे टहाळे, झेंडूच्या माळा, वर शेठानं दिलेल्या ताडपत्र्या. खानवेलची मंडळी टेम्पो भरून आली. पाड्याचा पटेल भिका, सगळ्यांत म्हातारा माणूस, चौकाजवळ काठी टेकून बसला. सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर देवीचा चौक लिहिला. वाळूला आणि मंगळीला हळद लावून पाटावर बसवलं. कपाळाला बाशिंग. चाळिशीचा नवरा, मिशांना हळद लागलेली, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि वाळूही हसत होता. मंगळीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते सुखाचं. आतल्या खोलीत कुसुम हळद लावून वाट बघत बसलेली. आईबापाचं झालं की तिचं.

शुक्री चौकापुढं बसली. डोळे मिटले आणि गायला लागली. आधी डोंगराचा देव बोलावला, वाघाचा, पाण्याचा, धान्याची माय बोलावली. मग हळदीचं गायली. आवाज असा लागला की खानवेलचा जयवंत मान डोलवायला लागला. सगळे देव आले, बसले, आणि गाठीचं गाणं आलं.

शुक्री थांबली.

बायांना वाटलं, पाणी हवं असेल. एकीनं तांब्या पुढं केला. शुक्रीनं तांब्या बाजूला सारला.

"गा ना, वयनी," वाळू हसत म्हणाला.

"नाय गात."

मांडवातला ढोल आपोआप थांबला. वाळूला आधी कळलंच नाही. मग कळलं. हळदीखाली त्याचा रंग उतरला. गाणं सुरू करायच्या आधी ती नाही म्हणाली असती तर नुसतं लगीन अडलं असतं. आता देव बोलावलेले होते. एका धवलेरीचं गाणं दुसरी उचलत नाही, आणि पाटावरून उठावं तर देवांना बोलावून हाकलल्यासारखं. तसा माणूस ना लग्नाचा ना बिनलग्नाचा. असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काय पायजे तुला?" वाळू दातांतून बोलला.

"माझं खाचर."

"ते शेठाचं हाय."

"बोर्डावर नाव कोणाचं?"

वाळूनं बाशिंग सावरलं. जयवंतनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "कसलं खाचर?" भिका पटेलानं काठी आपटली आणि सगळं सांगितलं. ताडीचं मडकं, अंगठा, लोखंड, सगळं. बारकू मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, मूठ आवळून.

वाळू पेटला. "गळा दाबीन तुझा! भाकर घातलीस म्हणून काय जन्मभर..."

"दाब," शुक्री म्हणाली. "मंग गाईल कोण?"

आतून कुसुम आली. हळदीनं पिवळी, डोळे लाल. ती शुक्रीपुढं उभी राहिली. "काकी, माझ्या लग्नाच्या दिवशीच? दुसरा दिस नाय सापडला तुला?"

शुक्रीनं या पोरीला पाठीवर बांधून भात लावला होता. तिच्याकडं बघणं जड गेलं. पण नजर वळवली नाही. "नाय सापडला, बाय. तुझ्या बापाला दुसऱ्या कोणत्याच दिवशी माझी गरज नव्हती."

कुसुम बापाकडं वळली. "मंग दे ना त्यांचं त्यांना! कशाला पायजे तुला?"

मंगळी पाटावर बसून होती. बाशिंगाखालून तिनं हळूच म्हटलं, "दे." वीस वर्षांत नवऱ्याला असं काही म्हणायची तिची पहिलीच वेळ असेल.

वाळूनं चहूकडं बघितलं. खानवेलचे लोक बघत होते, पाडा बघत होता, भिंतीवरून देवी बघत होती. "दिलं," म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की भिकानं कानाला हात लावला.

"तोंडानं नको," शुक्री म्हणाली. "तोंडानं तू बारकूलाबी सांगितलं होतं, नांगर घाल म्हणून. ऊठ. मी धरून ठेवतंय देवांना, ते बसून राहतील. राब पेटव."

राब म्हणजे भाताचं पहिलं काम. पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरायचं आणि जाळायचं. जळलेल्या मातीतच रोपं टाकायची. ज्याचा राब त्याचं शेत, हे त्या मुलखात लहान पोरालाही कळतं.

मांडवातून माणसं उठली. बाशिंगासकट वाळू पुढं, पदर सावरत मंगळी त्याच्या मागं, तिच्या मागं ढोलवाले, आणि त्यांच्या मागं खानवेलचं वऱ्हाड. वाटेत ज्यानं त्यानं काटक्या उचलल्या. शुक्रीनं महिनाभर आपल्या अंगणात फांद्या आणि शेण साठवलं होतं, ते बायांनी टोपल्यांतून आणलं. मांडवाचे आंब्याचे टहाळेसुद्धा कुणीतरी उपसून आणले. खाचराच्या कडेला अजून पाया न खणलेला तुकडा होता. तिथं शुक्रीनं वाळूच्या हातात शेणाची टोपली दिली.

"पसर."

हळदीच्या हातांनी वाळूनं शेण पसरलं. उन्हानं हळद ओघळून बाशिंगात आणि छातीवर उतरली. वाकला की बाशिंग डोळ्यांवर यायचं. फांद्या टाकून झाल्या. काडी ओढली. आधी धूर झाला, मग जाळ लागला. ढोलवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ढोल वाजवायला सुरुवात केली.

धूर बघून शेठ आला. जीपमधून उतरतानाच ओरडला, "ए वालु! आ शुं करे छे? पागल हो गया? मेरी जमीन में आग?"

शुक्री पुढं झाली. हात शेणानं भरलेले. "कोणाची जमीन, शेठ?"

"मेरी! और किस..." म्हणता म्हणता शेठ थांबला. समोर पटेल, समोर दोन गावांची माणसं. आणि कडेला सुकदेव गवंडी थापी हातात धरून, काहीच न ऐकल्यासारखा आभाळाकडं बघत उभा.

"बोल ना शेठ," भिका म्हणाला. "जमीन माझी, असं सांग. आमी सगळी मामलतदाराकडं येतंय. तूबी चल. तिथं सांग, आदिवासीची जमीन मी घेतली."

शेठ एक पाऊल मागं सरला. रुमालानं मान पुसली. मग वाळूकडं वळला. "वालु, तू बोल. किसकी जमीन है?"

वाळूच्या अंगावरून हळद आणि घाम एकत्र गळत होतं. त्यानं शेठाकडं बघितलं, मग जयवंतकडं, मग आगीकडं. "माझी, शेठ. बोर्डावर तूच लिवलंस." तोंडावरची हळद पुसली. "आन् आता बारकूदादाची."

पाडा असा हसला की ढोल ऐकू येईना. शेठ लाल झाला. "चाबी दे." वाळूनं कमरेची फटफटीची किल्ली काढून दिली. शेठानं ती खिशात टाकली आणि म्हणाला, "तुझे तो मैं देख लूँगा." जीप धूळ उडवत गेली. शुक्रीला वाटलं, ही धूळसुद्धा खावी.

बारकूनं मूठ उघडली. पहिल्यांदा. राखेत अंगठा बुडवला आणि कपाळाला लावला.

शुक्रीनं तेवढ्यावर गाठ बांधली नाही. लोक म्हणाले, झालं ना आता, गा. ती म्हणाली, "आधी सिल्वासा." दुसऱ्या दिवशी वाळू आणि बारकू, भिका पटेल आणि पंच बसनं सिल्वासाला गेले. वाळूच्या मिशांना अजून हळद होती. कचेरीतला कारकून ती बघून हसला, आणि पंचांनी त्याला लग्नाचं सांगितल्यावर आणखी हसला. जमीन बारकूची असा जबाब लिहून, अंगठे देऊन ते परतले तोवर वऱ्हाड मांडवातच होतं, खानवेलवाल्यांनी पाड्याची सगळी ताडी संपवली होती.

मग शुक्री गायली. मंगळीकडं बघून गायली, वाळूकडं एकदाही बघितलं नाही. गाठीचं गाणं तिनं एवढं लांबवलं की मंगळी हुंदके देऊन रडली. त्यानंतर कुसुमचं लगीन लावलं. निघताना कुसुम सगळ्यांच्या पाया पडली. शुक्रीच्याही पडली, पण वर बघितलं नाही. ते शुक्रीला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

शेठ गप्प बसला असं नाही. दोनदा माणसं पाठवली, पण पाड्याच्या बाया कोयते घेऊन बांधावर बसल्या आणि माणसं जीपमधून उतरलीच नाहीत. पाये मात्र तसेच राहिले. सळया उपटायला ताकद नव्हती. पाऊस आला, राबातली रोपं हातभर झाली, आणि शुक्रीनं सळयांच्या मधून भात लावायला घेतला.

लावणीच्या दिवसांत एका सकाळी बांधावर कुणीतरी उभं राहिलं. डोक्यावर फाटकं इरलं, पाय अनवाणी. वाळू. शेठानं त्याला काढल्यावर मसाटच्या कुठल्याच कारखान्याच्या गेटात त्याला घेत नव्हते. पत्रे विकले गेले होते. घरात चूल पेटेना म्हणून मंगळीनं पाठवलं होतं. जा म्हणाली होती, ती तुझी वयनीच हाय.

"वयनी," वाळू म्हणाला. "रोजावर ठेव. काय देशील ते दे."

खाचरातल्या बाया वाकलेल्या होत्या, त्या सरळ झाल्या. बारकूनं हातातली रोपांची मूठ पाण्यात ठेवली. म्हणाला, "शुक्री, जाऊ दे आता. त्याला बोलू नको काय."

शुक्रीनं रोपांची जुडी उचलली, चिखलातून चालत बांधापर्यंत गेली आणि ती वाळूच्या हातात दिली. तो बांधावरच घुटमळत उभा होता. चिखल खोल होता आणि मध्ये सळया होत्या.

शुक्री मागं फिरली. मग थांबली. जे वर्षभर गालात धरून ठेवलं होतं ते तिनं अख्ख्या पाड्यादेखत बाहेर काढलं.

"पाय उचल, वाळू, पाय! बापाच्या शेतात नाय फिरत तू."